दुसऱ्या पत्त्याला वाली कोण? एका आरटीसी चिप कंपनीच्या ड्रायव्हर टीमला खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

कंपनीचं नाव लिहीत नाही. तुम्हाला पहिल्या दोन ओळींतच कळेल की पत्र तुम्हालाच आहे, आणि बाकीच्यांना नावाशी काही देणंघेणं नाही, त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाच्या चिपमध्ये हाच प्रकार सापडेल.

तुमच्या आरटीसी, म्हणजे घड्याळाच्या, चिपचा लिनक्स ड्रायव्हर (तिच्याशी बोलणारा कोड) तुम्ही एसडीकेसोबत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या संचासोबत देता. त्या चिपमध्ये घड्याळ आयटूसी बसच्या (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या) एका पत्त्यावर आहे आणि छोटीशी ईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी, दुसऱ्या पत्त्यावर. मागच्या रिलीजपर्यंत तुमचा ड्रायव्हर दोन्ही पत्ते स्वतःच्या नावावर घेत होता. नव्या रिलीजमध्ये दुसरा पत्ता घेणाऱ्या ओळी 'क्लीनअप' म्हणून काढून टाकल्या. आम्ही तिकीट टाकलं, वेव्हफॉर्मचे फोटो जोडले, बोर्डचं स्किमॅटिक जोडलं, आणि तुम्ही ते बंद केलंत. कारण असं दिलंत की ड्रायव्हर ती ईप्रॉम वापरतच नाही, मग पत्ता अडवून कशाला ठेवायचा, हे असंच चालणं अपेक्षित आहे. पुन्हा उघडायची विनंती केली तर उत्तरच नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

मराठीत लिहितोय कारण तुमच्या पुण्याच्या सेंटरमध्ये ड्रायव्हर लिहिणारी बरीच मुलंमुली इथल्याच कॉलेजांतून आलेली आहेत, मी त्यातल्या काहींबरोबर काम केलंय, आणि इंग्रजीत लिहिलेलं तिकीट बंद करायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा हे वाचायला जास्त लागेल अशी आशा आहे.

आमचं काय अडलं ते आधी सांगतो. भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, दूध संकलन केंद्रावर लागणारी मशीन बनवतो, म्हणजे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजायचं, वजनकाट्याशी जोडायचं, शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची. संगमनेर, इंदापूर, फलटण भागात आमची मशीन चालतात. ज्यांना दूधधंदा माहीत नाही त्यांच्यासाठी, गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि त्याच्या खाली वर प्रत्येक पॉइंटला पैसे कमी जास्त होतात. म्हशीच्या दुधाला फॅट जास्त, म्हणून पॉइंटचा फरक आणखी टोचतो. सकाळी रांगेत कॅन घेऊन उभा असलेला माणूस मशीनवरचा आकडा बघतो आणि लगेच म्हणतो काल एवढी लागली होती, आज एवढीच कशी. त्याला कर्नल (लिनक्सचा गाभा), ड्रायव्हर, डेटाशीट काही सांगता येत नाही. सांगूही नये.

तर झालं असं की जुन्या बोर्डवर आमची वेगळी ईप्रॉम होती २४सी०२, म्हणजे २५६ बाइट. कॅलिब्रेशनचा डेटा वाढला, म्हणून नव्या बोर्डवर २४सी१६ घेतली, २०४८ बाइट, तेच आठ पायांचं पॅकेज, तीच जागा. तुमच्या रेफरन्स स्किमॅटिकमध्ये आरटीसीच्याच बसवर ईप्रॉमसाठी जागा दाखवलेली आहे आणि शेजारी लिहिलंय की २४सी०२ पासून २४सी१६ पर्यंत कोणतीही बसवा. त्याच वेळी एसडीके पण नवीन आला. बोर्ड चालू झाला, सगळं हिरवं, माल गेला.

मग फील्डवरून फोन यायला लागले आणि सगळे म्हशीच्या दुधाचे. गायीचं मोजमाप बरोबर, म्हशीचं चुकीचं. त्यातही नवं मशीन बरोबर, पण सर्व्हिसवाला जाऊन रीकॅलिब्रेट करून आला की दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन 'कॅलिब्रेशन एरर' दाखवून फॅक्टरीच्या डिफॉल्ट टेबलवर जायचं. चेकसम (डेटा बिघडलाय का ते दाखवणारा आकडा) होता म्हणून निदान कचरा आकडे तरी आले नाहीत, पण डिफॉल्ट टेबल म्हणजे सरासरी टेबल, त्या केंद्राच्या सेन्सरचं नाही. साहजिकच सगळ्यांनी सर्व्हिसच्या पोरांना धरलं. एका केंद्रावर तर चेअरमननी पोराला बसवून ठेवलं की आकडा नीट होईपर्यंत जायचं नाही.

कारण काय निघालं ते तिकिटात आहेच, पण तुम्ही ते वाचलं असं वाटत नाही म्हणून इथे परत, जरा सावकाश.

२४सी१६ ही एक चिप आहे पण आयटूसी बसवर ती आठ पत्ते खाते, हेक्स (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ५० ते ५७. कारण तिच्या २०४८ बाइटमधला पत्ता एका बाइटमध्ये मावत नाही, वरचे तीन बिट त्या लोकांनी सरळ डिव्हाइसच्या पत्त्यात घुसवलेत. आठ ब्लॉक, प्रत्येकी २५६ बाइट, प्रत्येक ब्लॉकला वेगळा बस पत्ता. तिच्यावर ए०, ए१, ए२ पिना दिसतात पण आत जोडलेल्याच नसतात, त्यामुळे तिला हलवून दुसरीकडे बसवता येत नाही. आणि तुमच्या आरटीसीतली ईप्रॉम कुठे बसलीये? हेक्स ५७ वर. म्हणजे २४सी१६ च्या शेवटच्या ब्लॉकच्या डोक्यावर. आमचं म्हशीचं टेबल नेमकं शेवटच्या ब्लॉकमध्ये.

आता दोन चिपा एकाच पत्त्याला ओ देतात तेव्हा काय होतं, हे बघण्यासारखं आहे. लिहिताना दोघीही ऐकतात आणि दोघीही लिहून घेतात. वाचताना दोघीही एकदम बोलतात, आणि आयटूसीची लाइन ओपन ड्रेन असल्यामुळे जी शून्य म्हणते तिचं शून्य जिंकतं, म्हणजे हातात येतं ते दोन्ही बाइटचं अँड, बिट दोन्हीकडे १ असेल तरच १. साध्या दशमान आकड्यांत, एकीत ९० असेल आणि दुसरीत ६०, तर वाचून २४ मिळतात. पण दोघींनी सारखंच लिहून घेतलं असेल तर अँड केलं तरी तेच येतं ना? येतं, आणि म्हणूनच हा प्रकार इतका छळवादी. २४सी१६ चं पेज, म्हणजे एका दमात लिहायचा तुकडा, १६ बाइटचं आहे, तुमच्या ईप्रॉमचं ८ चं. तुमच्याच डीटीएस फाइलमध्ये (बोर्डवर कोणती चिप कुठे ते कर्नलला सांगणारी डिव्हाइस ट्री) पेजसाइज १६ दिलेली आहे. १६ बाइट एकदम पाठवले की २४सी१६ ते नीट १६ जागी ठेवते, तुमची ईप्रॉम मात्र ८ झाल्यावर पेजच्या सुरुवातीला गुंडाळी मारते आणि दुसरे ८ पहिल्या ८ वर लिहून टाकते. वाचताना प्रत्येक १६ मधले पहिले ८ बिघडलेले, पुढचे ८ जसेच्या तसे. डंप समोर ठेवला तेव्हा हे एकाआड एक पट्टे दिसले आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला.

कारखान्यात का नाही सापडलं? कारण आमच्याकडे २४सी१६ बोर्डवर बसायच्या आधीच प्रोग्रॅमरवर भरली जाते. तुमची ईप्रॉम तेव्हा कोरी, सगळे बिट १, आणि १ बरोबर अँड केलं की मूळ आकडाच येतो. त्यामुळे नवं मशीन शंभर टक्के पास. पहिल्यांदा फील्डमध्ये लिहिलं की बिघडलं. आणि बेंचवर हाताने एकेक बाइट लिहून तपासलं तर दोघीही तोच बाइट घेतात, परत बरोबर! मी बरीच वर्षं या धंद्यात आहे, एवढा सभ्य चेहऱ्याचा बग बघितला नव्हता. ऑसिलोस्कोपवर मात्र चोरी पकडली जाते, दोघी एकदम लाइन खाली ओढतात तेव्हा एसडीएची, म्हणजे डेटाच्या तारेची, खालची पातळी एकटीने ओढल्यापेक्षा किंचित आणखी खाली जाते. ते फोटो तिकिटाला जोडलेत.

आता मुद्द्याचं. ह्यात ड्रायव्हरचा काय संबंध, असं तुमचं म्हणणं. पत्ते तर हार्डवेअरमध्ये आपटले.

संबंध असा आहे. लिनक्समध्ये आयटूसीवरचा प्रत्येक पत्ता म्हणजे एक क्लायंट, आणि ड्रायव्हरच्या प्रोबला (चिपचा ताबा घेणाऱ्या फंक्शनला) येतो तो एकच क्लायंट, म्हणजे मुख्य पत्ता. चिप आणखी पत्त्यांवर राहत असेल तर ते ड्रायव्हरने स्वतः मागून घ्यायचे, त्यासाठी डमी डिव्हाइस बनवायची सोय कर्नलमध्ये केव्हापासूनची आहे. ही यादी म्हणजे सातबारा आहे. जमीन तुमची असून सातबाऱ्यावर नाव लावलं नाही तर उद्या दुसरा येऊन लावेल आणि तलाठ्याला काही चुकल्यासारखं वाटणार नाही. तेच झालं. मेनलाइनमधला, म्हणजे मूळ लिनक्स कर्नलमधला, ईप्रॉमचा एटी२४ ड्रायव्हर २४सी१६ साठी मुख्य पत्ता धरून बाकी सात पत्ते डमी म्हणून घेतो. तुमच्या जुन्या ड्रायव्हरने ५७ धरून ठेवलेला असता तर एटी२४ चा शेवटचा डमी बनलाच नसता, कर्नलने लॉगमध्ये ५७ वर क्लायंट रजिस्टर होत नाही म्हणून उणे १६ चा एरर छापला असता, ईप्रॉमचा प्रोब फेल झाला असता, आणि आमच्या पोराने पहिल्याच बूटला कपाळाला हात लावला असता. पहिल्या बोर्डवर. माल जायच्या आधी. ज्या ओळी तुम्ही 'वापरात नाहीत' म्हणून काढल्यात त्यांचं काम हेच होतं! पत्ता राखायचा तो त्यावर वाचायला लिहायला पाहिजेच असं नाही, दुसऱ्या कुणी तिथे यायला नको म्हणूनही राखायचा असतो. स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या टूलला हे कळत नाही हे मान्य, पण रिव्ह्यू करणारा माणूस होता ना.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. तुमच्यासारखीच रचना असलेली आयएसएल १२०२६ ही आरटीसी बघा, घड्याळ हेक्स ६एफ वर, ईप्रॉम ५७ वर, मेनलाइनमधला तिचा ड्रायव्हर ५७ साठी डमी बनवतो आणि ईप्रॉम एनव्हीमेम (बाकीच्यांना वाचता लिहिता येणारी मेमरी) म्हणून बाहेर देतो. कोड लहान आहे, चहा पिता पिता वाचून होतो.

तुमच्या बाजूने एक बोलणं रास्त आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी तेच घेऊन यायला नको. काही आरटीसींच्या बाबतीत ईप्रॉमचा भाग डिव्हाइस ट्रीमध्ये वेगळी नोड म्हणून लिहितात आणि तिच्यावर एटी२४ बसवतात, आरटीसीचा ड्रायव्हर तिच्याकडे बघत पण नाही. ही पद्धत चालते. दोन भाग एकमेकांत अडकलेले नसतील तर मला ती जास्त स्वच्छच वाटते. पण मग ती नोड तुमच्या डीटीएसमध्ये पाहिजे. ड्रायव्हर पत्ता घेणार नाही आणि डीटीएसमध्ये नोड पण नाही, म्हणजे त्या पत्त्याला वालीच नाही, ही तिसरी पद्धत तुम्ही काढलीये.

दुसरी तक्रार डेटाशीटची. तुमच्या डेटाशीटच्या पहिल्या पानावर आयटूसी, ४०० किलोहर्ट्झ, बॅटरी बॅकअप, करंट किती कमी लागतो हे सगळं ठळक. चिप दोन पत्त्यांवर बोलते हे कुठे? पार आत, ईप्रॉमच्या चॅप्टरमध्ये, एका टायमिंगच्या चित्राखाली. आणि तिथे पण कंट्रोल बाइट म्हणून हेक्स एई लिहिलंय, म्हणजे आर-डब्ल्यू बिट (वाचायचं की लिहायचं ते सांगणारा) धरून आठ बिटी. कर्नलमध्ये सात बिटी पत्ता लागतो, तो ५७. पीडीएफमध्ये ५७ शोधलं तर काहीही सापडत नाही! फिलिप्सने १९८२ मध्ये ही बस आणली, तेव्हापासून सात बिटी की आठ बिटी हा घोळ घालून लोकांचे दिवस वाया जातायत, आणि तुम्हाला फक्त एक दोन ओळींचं टेबल छापायचंय. सात बिटी बसवर पत्ते एकूण १२८, त्यातले १६ राखीव, उरले ११२. ऐकायला भरपूर वाटतात पण ५० च्या आसपास ईप्रॉमवाले, ४८ च्या आसपास तापमान सेन्सरवाले, सगळे त्याच गल्लीत घर बांधतात, मग चिपने कुठले कुठले पत्ते अडवलेत हे सांगणं ही काय चैनीची गोष्ट आहे का.

तिसरी, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय कारण ह्याच्यावर तुमच्याकडे गैरसमज दिसतो. तुमच्या अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरने फोनवर सुचवलं की बोर्ड आल्यावर आयटूसीडिटेक्ट (बसवरचे पत्ते शोधणारी कमांड) चालवायचं होतं, पत्ते दिसले असते. दिसले असते, खरंय. ५० ते ५७ आठही पत्ते दिसले असते, कारण २४सी१६ आठही पत्त्यांना ओ देतेच. ५७ वर एक चिप आहे की दोन हे स्कॅनला कळूच शकत नाही, अ‍ॅक, म्हणजे चिपची पोच, म्हणजे लाइन खाली ओढणं, एकीने ओढली काय आणि दोघींनी ओढली काय. शिवाय आंधळं स्कॅनिंग हा काही निरुपद्रवी उद्योग नाही. आयबीएमच्या काही थिंकपॅडमध्ये २४आरएफ०८ नावाची ईप्रॉम होती, लोकांनी सेन्सर शोधायला बस स्कॅन केली आणि त्या ईप्रॉमचा मजकूर बिघडून लॅपटॉप अडकले, त्या चिपच्या स्टेट मशीनमध्ये दोष होता आणि क्विक राइटने (डेटा न पाठवता नुसता पत्ता पुकारण्याने) ती बिथरायची. म्हणून कर्नलमध्ये आजही ३० ते ३७ आणि ५० ते ५एफ या पट्ट्यात क्विक राइटऐवजी बाइट वाचून बघतात, आणि कारण तिथेच कॉमेंटमध्ये लिहून ठेवलंय. कोणता पत्ता कुणाचा हे बोर्ड लिहिणाऱ्याने आणि ड्रायव्हरने सांगायचं असतं, बसला विचारून ते ठरत नाही.

चौथी तक्रार जुन्या ड्रायव्हरबद्दल पण आहे, कारण तो काही फार गुणी बाळ नव्हता. पत्ता राखायचा हे बरोबर करत होता, पण ५७ आकडा कोडमध्ये ठोकून बसवलेला. तुमच्या मोठ्या भावंड चिपमध्ये, तुमच्याच कॅटलॉगप्रमाणे, दुसरा पत्ता पिनने बदलता येतो, मग काय करायचं? ह्याचं उत्तर पण तयार आहे. एचडीएमआयची एडीव्ही ७५११ चिप घ्या, तिचे चार पत्ते, मुख्य एक, बाकी ईडीआयडी, सीईसी आणि पॅकेट मेमरीचे, आणि हे तिन्ही मुख्य पत्त्यावरच्या रजिस्टरमध्ये लिहून बदलता येतात. तिथे डिव्हाइस ट्रीमध्ये पत्त्यांची यादी आणि प्रत्येकाला नाव, ड्रायव्हर नावाने मागतो, बोर्डवाल्याने दिला असेल तर तो, नाही तर डीफॉल्ट, आणि मग मिळालेला पत्ता चिपला सांगतो. यासाठी कर्नलमध्ये अँसिलरी डिव्हाइस म्हणून तयार फंक्शन आहे. आपटाआपटी झाली तर बोर्डवाला डीटीएसमध्ये एक आकडा बदलून मोकळा होतो, ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही.

आणखी एक. जुन्या ड्रायव्हरमध्ये दोन पत्त्यांना दोन वेगळी म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारी लॉक) होती. वेगळे पत्ते म्हणजे वेगळ्या वस्तू असं धरून चालल्याचं हे लक्षण. पत्ते वेगळे असले तरी सिलिकॉन एकच आहे हो. एटी२४ मध्ये आठ क्लायंट आणि लॉक एक, ते उगाच नाही, चिप एका ब्लॉकमध्ये लिहिण्यात गुंतली की आठही पत्त्यांवर बहिरी होते. कधी कधी तर उलटं असतं, एक पत्ता अनेक चिपांचा मिळून. डीडीआर४ रॅमच्या काडीवरची एसपीडी ईप्रॉम (काडीची माहिती ठेवणारी) ५१२ बाइटची, २५६ च्या दोन पानांत, आणि पान बदलायला ३६ किंवा ३७ या पत्त्यावर काहीतरी लिहायचं. पण ते ३६, ३७ बसवरच्या सगळ्या काड्या एकदम ऐकतात! एका काडीचं पान उलटलं की सगळ्यांचं उलटलं. म्हणून ईई१००४ ड्रायव्हर ते दोन पत्ते प्रत्येक काडीसाठी वेगळे मागत नाही, बसमागे एकदाच घेतो, सध्या कोणतं पान उघडंय ते बसच्या नावाने लक्षात ठेवतो आणि लॉक पण सगळ्यांना मिळून. ज्याने हे लिहिलं त्याने आधी चिप समजून घेतली आणि मग कोड लिहिला. तुमच्याकडे उलटं होतंय, ड्रायव्हरचा जुना साचा घेतात, रजिस्टरची नावं बदलतात आणि साच्यात एकच पत्ता असेल तर चिपला पण एकच पत्ता.

घेतलेले पत्ते सोडायचं पण तसंच. मॉड्यूल काढून परत टाकला की जुना ड्रायव्हर रडायचा, कारण डमी परत करायचं राहून जायचं. २०१९ मध्ये कर्नलमधली ही डमीची फंक्शन नीट करून घेतली, एरर कोड नीट परत येतो, डिव्हाइस गेलं की डमी आपोआप जाणारा प्रकार पण आहे. तो वापरला असता तर कोड कमी झाला असता, क्लीनअप म्हणून शोभला पण असता. आणि सगळे पत्ते हातात आल्याशिवाय पहिल्या रजिस्टरला हात लावायचा नाही, एक जरी मिळाला नाही तर कुठला मिळाला नाही ते छापून प्रोब फेल करायचा, गुपचूप अर्ध्यावर चालू राहायचं नाही. हे तुम्हाला शिकवायची माझी लायकी आहे असं नाही, पण तिकिटाचं उत्तर वाचून लिहावंसं वाटलं.

आम्ही आमच्यापुरतं निस्तरलंय. नव्या बोर्डवर २४सी३२ बसवतोय, ती ४०९६ बाइटची असून पत्ता एकच घेते कारण आतला पत्ता दोन बाइटमध्ये पाठवतात, किमतीत फरक नगण्य. विकलेल्या मशीनमध्ये म्हशीचं टेबल शेवटच्या ब्लॉकमधून उचलून अलीकडे आणलं. पण मशीनला इंटरनेट नाही, गावोगाव माणूस पेन ड्राइव्ह घेऊन पाठवावा लागतोय, तो पण दूध घालायची वेळ टाळून, आणि तो खर्च आमचा. पैसे मागत नाहीये. काय मागतोय ते साधं आहे.

काढलेलं ते परत आणा, पण जुनं जसंच्या तसं नको. दुसरा पत्ता डिव्हाइस ट्रीमधून नावाने घ्या, नसेल तर डीफॉल्ट ५७, मिळाला नाही तर प्रोब फेल. ज्यांना ती ईप्रॉम वापरायचीये त्यांना एनव्हीमेम म्हणून द्या. वेगळ्या नोडचाच मार्ग धरायचा असेल तरी हरकत नाही, मग नोड तुमच्या डीटीएसमध्ये, तीही उघडी, बंद करून ठेवलेली नको.

डेटाशीटच्या पहिल्या पानावर चिपचे सगळे पत्ते, सात बिटी आणि आठ बिटी दोन्ही.

रेफरन्स स्किमॅटिकमधलं ते 'कोणतीही बसवा' काढा. २४सी१६ नको हे तर लिहाच, पण २४सी०८ ची ए२ पिन वर बांधली तर ती ५४ ते ५७ घेते, तीही आपटेल, हे पण लिहा. २४सी०४ दोन पत्ते घेते, तिच्या पिना बघून ठरवायचं. २४सी०२ च्या तिन्ही पिना वर बांधल्या तर ती सुद्धा ५७ वरच जाते.

नवा एसडीके ज्यांनी ज्यांनी उतरवला त्या सगळ्यांना मेल करा. तुमच्याकडे यादी आहे, लॉगिन केल्याशिवाय डाउनलोडच होत नाही. आम्ही दूध मोजतो, दुसरा कुणी काय मोजत असेल कुणास ठाऊक, वीज, रक्त, काहीही.

आणि तिकीट पुन्हा उघडा. बंद करायचं असेल तर वरच्या प्रत्येक मुद्द्यावर उत्तर लिहून बंद करा, मी परत विचारणार नाही. पॅच हवा असेल तर आमच्याकडे तयार आहे, तुमच्या कोडिंग स्टाइलमध्ये बसवून देतो, त्यावर आमचं नाव नसलं तरी चालेल.

कळावे,
भोसरीतला एक फर्मवेअरवाला

ता. क. हे वाचणाऱ्या इतर बोर्डवाल्यांसाठी. तुमच्या बसवर असलेल्या प्रत्येक चिपची डेटाशीट उघडा आणि 'स्लेव्ह अ‍ॅड्रेस', 'कंट्रोल बाइट', 'डिव्हाइस अ‍ॅड्रेस' असे तिन्ही शब्द शोधा, एकाच शब्दावर थांबू नका. सापडलेले सगळे पत्ते सात बिटी करून एका कागदावर मांडा. मग चालू मशीनवर आयटूसीडिटेक्ट चालवण्यापेक्षा सिसएफएसमधली आयटूसी डिव्हाइसची यादी बघा, तिथे डमी धरून कर्नलने कुणाकुणाला कोणता पत्ता दिलाय ते दिसतं. कागदावर आहे आणि यादीत नाही असा एक जरी पत्ता निघाला तर तिथे लाल पेनाने गोल करा. आरटीसी, पीएमआयसी (वीजपुरवठा सांभाळणारी चिप), मोशन सेन्सर आणि एचडीएमआयच्या चिपा आधी बघा. टीआयची टीडब्ल्यूएल४०३० एकटीच ४८ ते ४बी असे चार पत्ते घेऊन बसते, आणि काही मोशन सेन्सरमध्ये आत दुसऱ्याच कंपनीचा मॅग्नेटोमीटर असतो जो बायपास मोड चालू केला की अचानक मुख्य बसवर उगवतो, बूटच्या वेळी दिसत पण नाही.